चालतंय की, मग हात कशाला लावायचा?

१५ मे २०१७, सोमवार. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या बेलदा, दांतन, नारायणगड आणि केशियारी इथल्या राज्य वीज वितरण कंपनीच्या कार्यालयांत माणसं नेहमीसारखी कामावर आली आणि कॉम्प्युटर उघडेनात. पडद्यावर लाल चौकट. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांत नाही भरले तर दुप्पट. बेलद्याच्या कार्यालयातल्या माणसाला बिटकॉइन म्हणजे काय, ते कुठल्या काउंटरवर मिळतं, हे कुठून ठाऊक असणार?

हाच तो वॉनाक्राय. त्याच्या आदल्या शुक्रवारी, १२ मे रोजी, तो जगात सुटला आणि दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त यंत्रांना लागला. इंग्लंडमध्ये रुग्णांच्या हजारो तारखा रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र पोलिसांची काही ठाणी आणि केरळातल्या काही ग्रामपंचायती सापडल्या. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरसवाल्या कंपनीने तेव्हा भारतातली मोजदाद जाहीर केली होती. तिने ४८ हजारांहून जास्त हल्ल्यांचे प्रयत्न टिपले होते. राज्यांमध्ये पहिला नंबर पश्चिम बंगालचा, दुसरा महाराष्ट्राचा. शहरांमध्ये कोलकाता सगळ्यात वर, मग दिल्ली, भुवनेश्वर, पुणे आणि मुंबई. म्हणजे माझं राहतं शहर आणि माझं माहेर, दोन्ही यादीत वरच्या पाचात. फुटबॉल सोडून कुठल्या यादीत कोलकाता पहिलं आलं की इथली माणसं खूश होतात, पण ह्या यादीचं कुणी नाव काढत नाही.

आता ह्यातली खरी टोचणारी गोष्ट सांगते. वॉनाक्राय ज्या भगदाडातून आत शिरायचा, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती. फुकट. १४ मार्च ते १२ मे, मोजून ५९ दिवस. त्या ५९ दिवसांत ज्यांनी ती बसवली, त्यांच्या यंत्रात तो भगदाडातून शिरू शकला नाही. तेव्हा सगळे म्हणाले, जुनाट विंडोज एक्सपीमुळे झालं. पण नंतरच्या तपासणीत दिसलं की लागण झालेली बहुतेक यंत्रं विंडोज सेव्हनची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती वेळेत आली होती, तीच. ती कुणी बसवलीच नव्हती.

मागच्या वेळी मी घरच्या वायफायबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की ऑफिसच्या, दुकानाच्या कॉम्प्युटरचं काय करायचं? अपडेट रोज येतात. रोज बसवायचे? महिन्याने? का कधीच नाही? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच दिला आहे. आणि ज्यांचं दुकान नाही, ऑफिस नाही, त्यांनीही वाचावा, कारण तुमची पतपेढी, तुमचा डॉक्टर आणि तुमच्या मुलाची शाळा ह्याच प्रश्नाशी रोज झगडत असतात आणि त्यांनी काय ठरवलं त्याचा हिशेब शेवटी तुमच्यापाशी येतो.

इंग्रजीत ह्या दुरुस्त्यांना पॅच म्हणतात. आपलं ठिगळच. ठिगळाबद्दल आपल्या आज्यांना जेवढं कळत होतं तेवढं पुरे आहे खरं तर: फाटलं की लगेच लावावं, नाहीतर भोक मोठं होतं, पण नवं कोरं कापड न धुता जुन्यावर लावलं तर ते पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालचं जुनं कापड ओढून फाडतं. कॉम्प्युटरचं ठिगळही असंच दोन्ही बाजूंनी धोक्याचं असतं. उशीर केला तर चोर शिरतो. घाई केली तर ठिगळच यंत्र बिघडवतं.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, विट्याकडचे, बहूबाजारात सोन्याची गलाई करणारे. खानापूर-आटपाडी-तासगाव भागातली माणसं भट्टी आणि मूस घेऊन भारतभर पसरली आहेत, हे सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. काकांच्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत. एकावर हिशेब आणि जीएसटी, एकावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि तिसरा टंच काढायच्या मशीनला जोडलेला. हे मशीन दागिन्यावर क्ष-किरण सोडून त्यात सोनं किती, तांबं किती, चांदी किती ते अर्ध्या-एक मिनिटात सांगतं. पूर्वी कसोटीच्या दगडावर घासून जे नजरेने ठरायचं, ते आता पडद्यावर आकड्यात येतं, आणि त्या आकड्यावर लाखांचे व्यवहार होतात.

मी त्यांना विचारलं, "काका, अपडेट कधी मारलेत?"

"कशाचे?"

"विंडोजचे."

"अगं ताई, चालतंय की! मग हात कशाला लावायचा? मशीन बसवणारा पोरगा सांगून गेलाय, नेट जोडू नका, अपडेट मारू नका, नाहीतर मशीन बंद पडलं तर माझ्याकडं बोट दाखवू नका. आता तू म्हणतीस मार. कुणाचं ऐकू?"

काकांना अडाणी समजू नका. त्यांचं म्हणणं खरं ठरल्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज टेनचा एक मोठा अपडेट आला आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फायलीच उडाल्या. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला तो थांबवावा लागला. त्याहून बोलकं उदाहरण मार्च २०२१ चं. ९ मार्चला महिन्याचा नेहमीचा अपडेट आला. तो बसवल्यावर काही कंपन्यांच्या प्रिंटरला प्रिंट दिली की कॉम्प्युटरचा अख्खा पडदा निळा व्हायचा आणि यंत्र बंद पडायचं. मार्च महिना! वर्षअखेर, पावत्या, चलनं, खातेउतारे, आणि प्रिंट दिली की कॉम्प्युटर बेशुद्ध. साधारण १५ मार्चपासून त्याच्यावरचा उतारा मिळायला लागला. ज्यांनी अपडेट आला त्या रात्री बसवला, त्यांचा आठवडा हाल-हाल झाला. जे आठवडाभर थांबले, त्यांना असं काही घडलं हे पेपरातही दिसलं नाही.

इथे काकांची बाजू जिंकली असं वाटतं. पण थांबा, त्याच महिन्याची दुसरी गोष्ट आहे.

त्याच मार्च २०२१ च्या २ तारखेला मायक्रोसॉफ्टने नेहमीचं वेळापत्रक मोडून एक तातडीची दुरुस्ती काढली. ती एक्स्चेंज नावाच्या ईमेल सर्व्हरसाठी होती, म्हणजे ज्या कंपन्या आपली मेल स्वतःच्या ऑफिसातल्या यंत्रावर ठेवतात त्यांच्यासाठी. दुरुस्ती यायच्या आधीच हल्लेखोर त्या भगदाडातून ये-जा करत होते. आणि दुरुस्ती जाहीर झाल्यावर जगभरचे इतर भुरटेही धावले, कारण ठिगळ कुठे लावलंय हे बघितलं की भोक कुठे होतं ते कळतं. काही दिवसांत हजारो संस्थांचे सर्व्हर फुटले. युरोपच्या बँकांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरणसुद्धा त्यात सापडलं. ह्या दुरुस्तीसाठी जो आठवडाभर थांबला, तो बहुधा गेला.

म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यातल्या दोन दुरुस्त्या. एकीला थांबणारा शहाणा, दुसरीला थांबणारा बुडाला. म्हणून "किती दिवसांनी अपडेट करावं?" ह्याला एकच आकडा उत्तर म्हणून देणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा.

तरी आकडा काढायचा प्रयत्न कुणी केलाच नाही असं नाही. २००२ साली अमेरिकेत सिस्टीम सांभाळणाऱ्यांच्या लिसा नावाच्या परिषदेत एक निबंध वाचला गेला, तो मला अजून फार आवडतो. त्यातला विचार अगदी बाजारातला आहे. दुरुस्ती आली त्या दिवशी ती बिघडलेली असण्याचा धोका सगळ्यात जास्त. दिवस जातील तसा तो उतरतो, कारण इतर घाईवाले आधी ठेचकाळतात आणि कंपनी चूक सुधारते. उलट हल्ल्याचा धोका दिवसागणिक चढतो. उतरती रेघ आणि चढती रेघ जिथे एकमेकींना छेदतात, तो ठिगळ लावायचा दिवस. त्यांनी जुन्या दुरुस्त्यांची नोंद तपासून दोन दिवस काढले: दहावा आणि तिसावा. ह्या दोन टप्प्यांच्या आसपास वाईट ठिगळं बहुतेक उघडी पडलेली असतात.

त्या काळात तिसावा दिवसही चालून जायचा. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा किडा आला आणि दहा मिनिटांत जवळपास ७५ हजार सर्व्हरांवर पसरला. त्याच्यावरची दुरुस्ती जुलै २००२ पासून पडून होती, म्हणजे सहा महिने सवड मिळाली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला, दुरुस्तीनंतर चार आठवड्यांच्या आत. वॉनाक्रायला ५९ दिवस. एक्स्चेंजच्या वेळी उणे. चढती रेघ सरळ नाही, पण आता ती फार उभी झाली आहे हे कुणालाही दिसेल. म्हणून मी तो तिसावा दिवस कधीच सोडून दिला आहे. दहावा मात्र अजून टिकून आहे असं माझं मत. इंग्लंडच्या सरकारी योजनेत गंभीर दुरुस्त्यांना १४ दिवसांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेचं सरकार ज्या भगदाडांचा वापर सुरू झालाय त्यांची यादी २०२१ पासून चालवतं आणि आपल्या खात्यांना त्यासाठी साधारण दोन आठवडे देतं. सगळे फिरून त्याच आसपास येतात.

आता अपडेटच खलनायक झाल्याच्या दोन मोठ्या गोष्टी, कारण त्या सांगितल्याशिवाय काका मला सोडणार नाहीत.

पहिली २७ जून २०१७ ची, वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने. नॉटपेट्या. हा सुरू झाला युक्रेनमध्ये, तिथल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या आणि कर भरायच्या एका सॉफ्टवेअरमधून. आपल्याकडचं टॅली समजा. हल्लेखोरांनी त्या कंपनीत घुसून तिच्या अपडेटमध्येच विष कालवलं. लोकांनी इमानदारीने अपडेट घेतला आणि लागण झाली. तिथून तो मर्स्क ह्या जहाज कंपनीत शिरला, आणि मर्स्कचं एक टर्मिनल आपल्या न्हावा शेव्याला, जेएनपीटीत. तिथलं काम कॉम्प्युटरवरून हातावर आलं, कंटेनरच्या ट्रकांची कोंडी झाली. उरण-पनवेलकडच्या वाचकांना आठवत असेल. मर्स्कने नंतर सांगितलं की त्यांना दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. पण गंमत अशी की आत शिरल्यावर नॉटपेट्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला जे रस्ते वापरत होता, त्यातला एक वॉनाक्रायचाच होता. १४ मार्चच्या दुरुस्तीला तेव्हा साडेतीन महिने झाले होते, तरी तो रस्ता कित्येक ठिकाणी उघडाच होता. दुसरा रस्ता चोरलेल्या पासवर्डांचा होता, तो कुठल्याच ठिगळाने बंद होत नाही, हेही खरं.

दुसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना आठवते. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने सकाळी आपल्या घड्याळात पावणेदहाच्या सुमाराला एक छोटीशी फाइल जगभर पाठवली. तीत चूक होती. अकराच्या आत त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली होती, आणि बहुतेक यंत्रं पुन्हा उठवायला माणसाला प्रत्यक्ष त्या यंत्रापाशी जाऊन बसावं लागलं. त्या दिवशी हैदराबादहून कोलकात्याला येणाऱ्या एका प्रवाशाने हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो टाकला आणि तो देशभर फिरला. निळ्या शाईत नाव, सीट नंबर, तारीख. एसटीच्या रिझर्व्हेशनच्या कागदासारखा.

क्राउडस्ट्राइकवरून बऱ्याच जणांनी "बघा, अपडेट नकोच" असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. चूक होती ती फाइल पाठवण्यात नव्हती, सगळ्यांना एकाच वेळी पाठवण्यात होती. आधी शंभर यंत्रांना, मग हजारांना, मग बाकीच्यांना असं केलं असतं तर शंभर यंत्रं पडली असती. कंपनीने नंतर तसंच टप्प्याटप्प्याने पाठवायचं कबूल केलं. भात शिजला का बघायला अख्खं पातेलं कुणी खाऊन बघत नाही, शीत दाबतात.

तर छोट्या ऑफिसासाठी माझं वेळापत्रक सांगते. हे मी ज्या दोन-तीन ऑफिसांची यंत्रं बघते तिथे वर्षानुवर्षं चाललंय.

मायक्रोसॉफ्ट २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या काढतं. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्याला बुधवारी सकाळी दिसतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मधेच पडतो. आता त्यावर व्यापाऱ्याचं पंचांग ठेवा. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना ११ तारखेला विक्रीचं विवरण, २० ला कराचं. १ ते ७ पगार. त्यामुळे मी बुधवार-गुरुवारी फक्त एका यंत्रावर दुरुस्ती बसवते. कुठलं यंत्र? सगळ्यात कमी महत्त्वाचं नव्हे, ही चूक सगळे करतात. ज्या यंत्राला ऑफिसातला तोच प्रिंटर, तोच बारकोड वाचणारा, तीच डिजिटल सहीची डोंगल लागते, असं यंत्र, पण ज्याचा मालक दोन दिवस दुसरीकडे बसून काम करू शकेल. त्यावर शुक्रवारपर्यंत नेहमीचं काम करायचं. पावती छापायची. बँकेत लॉगिन करायचं. सगळं ठीक असेल तर शनिवारी दुपारी बाकीच्यांवर. हा शनिवार १२ ते १८ मध्ये येतो, म्हणजे काही बिघडलंच तरी २० च्या आधी किमान एक दिवस हातात राहतो. शनिवारी सकाळी आधी बॅकअप, तोही असा की जो नंतर त्या यंत्रापासून काढून ठेवला जातो. जोडलेला राहिला तर खंडणीवाले त्यालाही कुलूप लावतात.

मार्चमध्ये मी हाच शनिवार ठेवते, पण महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत कशालाही हात लावत नाही.

कोलकात्यात ह्यात एक स्थानिक अडचण आहे, तिचं नाव पुजो. पंचमीपासून शहर ऑफिसात नसतंच, आणि पुष्कळ ठिकाणी लक्ष्मीपूजेपर्यंत, म्हणजे कोजागरीपर्यंत, कुणी परत येत नाही. यंत्रं मात्र चालूच राहतात. चोरांना हे माहीत असतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेजारच्या बांगलादेश बँकेचे ८.१ कोटी डॉलर गेले ते मुद्दाम साधलेल्या सुट्ट्यांतच: ढाक्यात शुक्रवार-शनिवार, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, मनिलात सोमवारी चिनी नववर्ष. त्यामुळे पुजोच्या सुट्टीत "कुणी नाही, निवांत अपडेट होतील" हा विचार करू नका. सप्तमीला अपडेट बिघडला तर अष्टमीला कोण येणार? जे करायचं ते महालयाच्या आत करा आणि मग ज्यांची गरज नाही ती यंत्रं सरळ बंद करून जा. बंद यंत्रात कुणी शिरत नाही आणि वीजही वाचते.

इथली दुसरी प्रथा मात्र फार उपयोगाची आहे. १७ सप्टेंबरच्या सुमाराला विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी यंत्रं चालवत नाहीत, धुऊन-पुसून पुजतात. कारखान्यात लेथला हार, रिक्षेला हार, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये सर्व्हरलाही शेंदराचा टिळा. आपल्याकडे हेच खंडेनवमीला होतं. झेंडूची माळ घालताना वही घेऊन बसा आणि यादी करा: ऑफिसात किती यंत्रं आहेत, कुठल्यावर कुठलं विंडोज आहे, शेवटचा अपडेट कधीचा. कपाटामागचा वायफायचा डबा आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर विसरू नका. तेही कॉम्प्युटरच आहेत आणि त्यांना कुणी कधीच ठिगळ लावत नाही. मी जिथे जिथे ही यादी केली, तिथे मालकाने सांगितलेल्या संख्येपेक्षा यंत्रं जास्त निघाली आहेत. एकदा तर माळ्यावर चालू स्थितीत.

हे झालं नेहमीचं. तातडीचं कसं ओळखायचं? दुरुस्ती नेहमीच्या मंगळवारी न येता मध्येच आली, किंवा बातमीत "ह्या भगदाडाचा वापर सुरू झाला आहे" असं आलं, आणि ते यंत्र थेट इंटरनेटकडे तोंड करून उभं असलं, तर शनिवारची वाट बघू नका. त्याच रात्री. केंद्र सरकारची सर्ट-इन संस्था अशा सूचना तिच्या साइटवर देते. ऑफिसातल्या एका माणसावर ती आठवड्यातून दोनदा बघायची जबाबदारी टाका. एका माणसावर. सगळ्यांवर टाकली तर कुणीच बघत नाही. आणि घोटाळा झालाच तर २०२२ च्या नियमानुसार सर्ट-इनला सहा तासांत कळवावं लागतं, हेही त्याच माणसाला सांगून ठेवा.

"थेट इंटरनेटकडे तोंड" म्हणजे किती महाग पडू शकतं ते ३१ जुलै २०२४ ला दिसलं. सी-एज ही स्टेट बँक आणि टीसीएसची संयुक्त कंपनी देशातल्या लहान बँकांना, सहकारी आणि ग्रामीण बँकांना, तांत्रिक सेवा देते. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाला, आणि इतरांना लागण होऊ नये म्हणून एनपीसीआयने तिला पैशांच्या जाळ्यातून तोडलं. जवळपास ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम बंद. दुसऱ्या दिवशी जोडणी परत मिळाली. बंगळुरूच्या क्लाउडसेक ह्या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार वाट मिळाली ती सी-एजच्या नव्हे, तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून. त्यावरच्या जेनकिन्स नावाच्या सॉफ्टवेअरला भगदाड होतं. त्या भगदाडावरची दुरुस्ती आली होती २४ जानेवारी २०२४ ला. सहा महिने आधी. ज्या आजोबांचा पेन्शनचा पैसा त्या संध्याकाळी निघाला नाही, त्यांनी जेनकिन्सचं नाव आयुष्यात ऐकलं नसेल.

फोनबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही हे फोनवरच वाचत आहात. एका माणसाच्या फोनला वेळापत्रक लागत नाही. सुरक्षेचा अपडेट आला की रात्री चार्जिंगला लावताना बसवा. नवं रूप, नवी बटणं आणणारा मोठा अपडेट असेल तर आठवडाभर थांबलात तरी चालेल. आणि व्हॉट्सॲपवर कुणी "बँकेचं ॲप अपडेट करा" म्हणून लिंक पाठवली तर ते ठिगळ नव्हे, कात्री आहे. अपडेट फक्त प्ले स्टोअरमधून किंवा ॲप स्टोअरमधून घ्यायचे.

राहिली ती यंत्रं ज्यांना ठिगळ लावताच येत नाही. ही सगळ्यांकडे असतात आणि ह्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. दवाखान्यातला सोनोग्राफीचा कॉम्प्युटर, प्रेसमधला, वजनकाट्याचा. मशीन लाखोंचं, त्याला जोडलेला कॉम्प्युटर जुना, आणि मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. विंडोज सेव्हनच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या. विंडोज टेनच्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यापुढे वाढीव मुदतीची वेगळी योजना घ्यावी लागते. कॉम्प्युटरसाठी मशीन बदला असं सांगणं सोपं आहे, सांगणाऱ्याला ते विकत घ्यायचं नसतं.

काकांचा टंचाचा कॉम्प्युटर असाच होता. विंडोज सेव्हन. मशीनवाल्याचं "नेट जोडू नका" हे म्हणणं बरोबरच होतं, पण ते कुणी पाळलं नव्हतं. टंचाचा आकडा हिशेबाच्या कॉम्प्युटरवर आपोआप जावा म्हणून कुणीतरी मधे केबल टाकली होती, आणि हिशेबाचा कॉम्प्युटर तर चोवीस तास नेटवर. म्हणजे कडीकुलूप लावलेल्या घराला मागून शिडी.

आम्ही तिघं बसलो, मी, काका आणि त्यांचा मुलगा. हिशेबाच्या आणि कॅमेऱ्याच्या यंत्रांना दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार, असं ठरलं. बहूबाजारात शनिवारी दुपारी गिऱ्हाईक असतं, म्हणून काकांनी ते रात्री आठनंतर करायचं ठरवलं. टंचाच्या यंत्राला अपडेट नाहीच. मग केबलचं काय?

"काढली तर पोराचं काम वाढतंय," काका म्हणाले.

"किती वाढतं?"

मुलाने हिशेब केला. दिवसाला चाळीस-पन्नास नग, एका नगाला एक ओळ.

"आणि ते बंद पडलं तर?"

काकांनी मुलाकडे बघितलं. दुकानात एकच मशीन आहे. दुसऱ्याकडून टंच काढून आणायचा तर सोनं घेऊन गल्लीतून जायचं, त्याच्या दारात रांगेत उभं राहायचं आणि त्याला पैसे मोजायचे. गिऱ्हाईक तोवर थांबत नाही, पलीकडच्या दुकानात जातं.

केबल काढली. पेन ड्राइव्हही नको म्हणून त्या यंत्राची तोंडं टेपने बंद केली. आत्ता मुलगा टंचाचा आकडा वहीत लिहितो आणि संध्याकाळी हिशेबाच्या कॉम्प्युटरवर भरतो. काकांना वहीचा फायदा असा वाटतो की मुलाचं अक्षर सुधारतंय.